बोर्डिंगमागची पपई

डोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर ऐका. साठ सालच्या आसपास मी अमरावतीत मुलींच्या बोर्डिंगात होते, मॅट्रिकला. दिवेलागण झाली की आम्हा चौघी-पाचजणींना पुस्तकातली अक्षरं दिसेनात. म्हणून आमच्या रेक्टरबाई रोज सकाळी रांग लावून सगळ्यांना चमचा-चमचा माशाचं तेल पाजायच्या. काय तो वास! आम्ही ते तोंडात धरायचो आणि मागच्या पपईच्या बुंध्याशी थुंकून यायचो.

दिवाळीपर्यंत पपई अशी लगडली की बाईंनी आम्हाला तिच्यासमोरच उभं केलं.

"कावून वं पोरीहो, हे पपई एवढी कशानं फळली?"

आता घरी धाडतात, या भीतीनं आम्ही एकमेकींच्या मागे दडू लागलो. बाईंनी विळी आणली, पपई चिरली आणि एकेकीच्या हातावर फोड ठेवली.

"तेल इनं पेलं, आता इले तुमी खा. पपईबी डोयाले चांगलीच असते. पन उद्यापासून तेल माह्यासमोर गिळाचं!"

गिळलं. नाक दाबून, रोज.

निकालात बोर्डिंगातल्या आम्ही सोळाच्या सोळाजणी मॅट्रिक पास! आम्ही पेढे घेऊन बाईंकडे धावलो. बाई पेढा घेऊन थेट मागच्या दारी गेल्या.

"पयला पेढा इले. तुमच्या आंधी इनंच तेल पेलं!"