रविवारी दाखवायची गाडी

— नाही नाही, रंगावर जाऊ नका. दिसायला देखणी आहे, पण खोडी फार — उगाच नंतर म्हणाल, लॉर्नाबाईंनी फसवलं. सत्तर सालची आहे, आमच्या व्हर्नने लग्नाआधी घेतलेली, तो गेला तेव्हापासून — असू दे ते. केक घ्या अजून, भोपळ्याचा आहे, सकाळीच केलाय. तर काय सांगत होते — तापते. पळतेय तोवर गुणी बाळ, सिग्नलला उभी राहिली की काटा चढलाच म्हणून समजा. का? तर पंख्याभोवती कडं असतं ना, रेडिएटरमधून हवा नीट ओढली जावी म्हणून, तेच नाही. कुठं गेलं, देव जाणे. नवं बसवाल म्हणता? बसवा की, पण एवढ्या जुन्या गाडीचं कडं शोधता शोधता चपला झिजतील तुमच्या. बरं, एवढी तापते तर थंडीत ऊब तरी द्यावी — ती पण नाही. हीटर लावा, गार वारा. आणि आपल्या ओहायोतला नोव्हेंबर. मागच्या रविवारी टोलेडोहून एक जण आला होता, दात वाजत होते बिचाऱ्याचे, तरी दोन तास बसला, मुलीचे फोटो दाखवले. त्याआधी एक नवरा-बायको आले, ते तर जेवूनच गेले. छान माणसं. गाडी नाही घेतली.

कुठं निघालात? गॅरेजच्या फळीवर काय बघताय — ते होय. हो, कडंच आहे ते. याच गाडीचं. तिथं होतं वाटतं. — अहो, बॉनेटखाली हात घालू नका, इंजिन चालू आहे, पंख्यात बोटं जातील. काय, पकड? आहे, हीटरच्या नळीला लावलीय. नळी चिमटली की गरम पाणी आत जात नाही, मग हीटर तरी काय करणार. नका काढू. मी सांगतेय ना, नका —

काढलीत. आता आत बसून हीटर लावून बघा. आली ना ऊब? येणारच, गरम पाणी फिरतं ती हीटरची जाळी मीच बदललीय, या हातांनी, व्हर्नकडून शिकले सगळं. आणि दर शनिवारी मीच कडं उतरवते, मीच नळी चिमटते. असं काय बघताय? गाडी गेली तर रविवारी माझ्या दारात कोण येणार हो? मुलगा अ‍ॅरिझोनात, फोनवर बोलतो, पण त्याला कायम घाई. जाहिरात दिली तेव्हा खरंच विकायची होती. मग पहिला माणूस आला, कॉफीला बसला, आणि तो गेल्यावर मी दुसरा कप धुतला — किती दिवसांनी दुसरा कप धुतला मी. फार एकटं वाटतं हो या घरात.

नाही, जास्त पैसे नका सांगू. तुम्हाला गाडी कळते, म्हणून तर तुम्ही नकोच. केक कागदात बांधून देते, निघा आता, अंधार लवकर पडतो. आणि ती पकड द्या इकडे. चार वाजता एक जण यायचाय.