उद्याचं पान

नाही मॅडम, तुमची चूक झाली असं मी म्हणतच नाहीये — बसते, हो — मी फक्त एवढंच सांगायला आले की गुरुवारी तो तक्ता ग्रुपवर आला आणि दोन रात्री माझा डोळा लागला नाही. सातवी ब, वाचनस्तर, आणि आमच्या स्वरालीच्या नावापुढे काय, तर 'शब्द'. परिच्छेद नाही, वाक्यसुद्धा नाही — शब्द. आणि सोमवारपासून पहिल्या तासाआधी तिनं चौथीच्या मुलांबरोबर वाचायला बसायचं. चौथीच्या. माझ्या खांद्याला लागते हो ती आता, त्या बाकात तिचे गुडघे मावणार नाहीत. पाणी नको — बरं, द्या. बाहेर अजून किती पालक आहेत? चार? मग मी आवरतं घेते. मी टेस्टर आहे, खराडीला, सॉफ्टवेअरमध्ये — दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचाच पगार मिळतो मला — तर म्हटलं, आधी तुमची टेस्टच तपासून बघू. रागावू नका. तुम्ही जूनमध्येच आलात, तुम्हाला ही मुलगी नवीन, आणि तिला त्या दिवशी सर्दी होती.

नक्की कसं केलंत तुम्ही? पाठ्यपुस्तकातला धडा दिला, तो तिनं घडाघडा वाचला. वाचला ना? बघा. मग झालं की. — अच्छा. मग दुसरंच पान दिलंत, आधी न बघितलेलं. त्यावर बोकडाचं चित्र होतं, आणि तिनं एका बोकडाची गोष्ट सांगितली. आणि पानावर काय होतं? — शेळीपालनाच्या योजनेची माहिती. हं. पण गोष्ट चांगली सांगितली असेल. सांगितलीच असणार, घरी पण असंच करते ती — म्हणजे एकदा केलं होतं. दोनदा. तुम्ही हे लिहून घेत नाही आहात ना?

माझे बाबा आमच्याकडे असतात. आई गेल्यावर वर्ध्याहून आले, विश्रांतवाडीत चौथ्या मजल्यावर त्यांचं काही मन लागत नव्हतं, पण पेपर होता. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर, तोवर अक्षरं हलतात म्हणतात. म्हणून रोज पाचला पेपर घेऊन बसतात आणि हिला हाक मारतात, "वाच ना बेटा." आणि ही वाचते, अगदी बातमी देणाऱ्या बाईसारखी. बुधवारी मी घरून काम करते, तर एका बुधवारी स्वयंपाकघरातून ऐकलं — लोणी काळभोरला एका विहिरीत मगर सापडली. मला वाटलं, असेल, हल्ली काय कुठे निघेल सांगता येत नाही. नंतर पेपर बघितला तर एक फोटो होता विहिरीचा, पाणीपातळीची बातमी होती. मगर कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबा विचारतात, "त्या मगरीचं पुढं काय झालं?" — तर हिनं चार दिवस मगर चालवली, मॅडम. वनखातं आणलं, गावकरी आणले, शेवटी मगर सुखरूप सोडून दिली. बाबा विहारात जाऊन सगळ्यांना सांगून आले. बाबांना कळलं असेल का? छे, कळलं असतं तर बोलले असते. मी हसले तेव्हा. हसले आणि मग गॅस बंद करून तिथेच उभी राहिले, कारण मला माहीत होतं ना — म्हणजे अंदाज होता.

अंदाज कधीपासून? तुम्ही विचारलं नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतंय. दुसरीपासून. दुसरी आणि तिसरी या मुलांची मोबाईलवर गेली, आठवतंय ना, तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल. मी कॅमेऱ्याच्या बाहेर स्टुलावर बसायचे. बाई म्हणायच्या, स्वराली, पुढची ओळ वाच, आणि मी पुस्तक बघून हळूच म्हणायचे, आणि ती अर्ध्या सेकंदानं तेच म्हणायची. इतकं जमलं होतं आमचं की बाई म्हणाल्या, हिचं वाचन वर्गात सगळ्यात छान आहे. मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. आणि सगळ्याच आया तसं करत होत्या — नाही, सगळ्या नसतील, पण मला तेव्हा तसं वाटायचं. म्हटलं, शाळा सुरू झाली की शिकेल. शाळा सुरू झाली तर म्हणे मुलं मागे पडलीत, सांभाळून घ्या. मी सांभाळून घेतलं. आता सातवी आली तरी सांभाळतेच आहे.

नाही, वाचताच येत नाही असं नाही. अक्षरं येतात सगळी. जोडाक्षर आलं की थांबते, ओळ लांबली की सुरुवात विसरते. मग परीक्षेत अडुसष्ट टक्के कसे? — सगळे धडे तिला पाठ आहेत. मी म्हणून देते. कंपनीच्या कॅबमध्ये बसले की फोन तोंडाशी धरते, एक धडा जाताना, एक येताना, ती घरी इअरफोनवर ऐकते. आमचा ड्रायव्हर संभाजी, तो आता गाडीत बसल्या बसल्या विचारतो, "मॅडम, आज इतिहास का भूगोल?" परवा सिग्नलला त्यानं मला भरती-ओहोटी समजावून सांगितली, चूक नाही काढता आली मला. तो पास होईल सातवी. प्रश्नातला पहिला शब्द ओळखला की स्वराली उत्तर लिहून टाकते. लिहिते तेही आठवणीनंच, चित्र काढल्यासारखं. केवढी स्मरणशक्ती लागते त्याला, मॅडम. त्याचा पण एखादा स्तर असायला हवा तक्त्यात.

आणि ती वाचन नोंदवही. पालकांनी रोज सही करायची, मूल वीस मिनिटं वाचलं म्हणून. ते मी — बघा ना, तुमच्याच टेबलावर आहे, वरूनच तिसरी. एकेचाळीस पुस्तकं. 'आवडलेला प्रसंग' हा रकाना मीच सांगितला, तिनं लिहिला. सह्या एकदम केल्या तर ओळखू येतात म्हणून मी तीन पेनं वापरली. ऑफिसात एखाद्या पोरानं न तपासता 'तपासलं' असं लिहिलं तर मी त्याला अर्धा तास उभा करते. आणि घरी — बोला ना. ओरडलात तरी चालेल.

शिकवलं नाही असं नाही हो. बसवते समोर. ती बोट ठेवते, 'प्रवास' वर येते, थांबते. प्र, प्र. सगळे सांगतात, मुलाला वेळ द्या, मनात पाच अंक मोजा. मी मोजते. एक, दोन — आणि दोनला माझ्या तोंडून 'प्रवास' निघून जातं. निघून जातं म्हणजे मी सांगतच नाही, आपोआप जातं. मग ती पुढच्या शब्दावर थांबतच नाही, माझ्याकडे बघते. माझ्या तोंडाकडे. पुस्तकाकडे बघतच नाही. असं एक पान व्हायला पाऊण तास लागतो आणि पाऊण तासात वाचलेलं असतं मी. मला आम्रपाली म्हणा, मॅडम नका म्हणू, तुमच्यासमोर आज मॅडम म्हणवून घ्यायची लाज वाटते.

मूळ मुद्दा राहिलाच. मी तक्त्याबद्दल आलेच नाहीये. तक्ता असू दे, 'शब्द' तर 'शब्द'. मला एक चिठ्ठी हवी होती.

सांगते ना. आम्ही बौद्ध आहोत. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो, रोज संध्याकाळी साडेसहाला विहारात ग्रंथ वाचतात — एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, काल जिथे थांबलं तिथून आज पुढे, आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथ पुरा. यंदा शेवटचे दोन रविवार मुलांना दिलेत. आणि बाबांनी मला न विचारता हिचं नाव दिलं. उद्याचं. साठ-सत्तर माणसं असतील. इतरांना वाटेल, त्यात काय, नाही जमलं तर नाही. आमच्याकडे तसं नाही हो. माझी आजी, चंद्रभागा, अंगठा उठवायची. बाबा चौथीत असताना अख्ख्या वस्तीची पत्रं वाचून दाखवायचे, बायका रांगेनं बसायच्या म्हणे त्यांच्यापुढे. आमच्या घरात पोरगी गणितात नापास झाली तर चालतं, पण उभं राहून वाचता आलं नाही तर — मी भाषण करत नाहीये, मला खरंच नीट सांगता येत नाहीये. बाबा पहिल्या रांगेत बसतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट कालच काढून ठेवलाय.

तर मी काय केलं असेल? ओळखा. एक शीट केली. कोण किती भरभर वाचतं, कुणाची कितवी पाळी, रोज किती पानं होतात. शेंडे वहिनी पाच, त्यांचे मिस्टर साडेतीन. रविवारी दोनशे बारा ते दोनशे सतरा यातलंच काहीतरी येणार असं निघालं. सहाही पानं रेकॉर्ड केली. आठ दिवसांत तिनं सहा पानं पाठ केली, मॅडम, कठीण कठीण शब्द, एक अक्षर इकडे तिकडे नाही. पान उलटायची जागासुद्धा शिकवली मी तिला. आणि परवा गुरुवारी दिगंबरकाकांची पाळी आली. पोस्टातनं निवृत्त झालेत, आवाज चांगला, त्या दिवशी काय झालं कोण जाणे, रंगले आणि थांबेचनात. लोकही ऐकत राहिले. पंधरा पानं. माझी सहाच्या सहा त्यात गेली. मी मागे बसले होते आणि काका एकेक ओळ वाचत होते आणि शेजारी स्वरालीचे ओठ हलत होते, त्यांच्या आधी. पुढची ओळ काकांच्या तोंडी यायच्या आधी हिच्या ओठांवर. घरी आले तर फोनवर तुमचा तक्ता.

आता उद्याचं पान आज सात वाजेपर्यंत कुणालाच माहीत नाही. रात्रभरात दोन पानं होतील, चार नाही होणार. म्हणून चिठ्ठी. शाळेत उद्या रविवारचा काही कार्यक्रम आहे, सरावाला थांबणं गरजेचं आहे, असं काहीही. मसुदा मी करून आणलाय, प्रिंटसुद्धा काढलीय, तुम्ही फक्त खाली सही — पेन आहे माझ्याकडे. एकच सही. पुढच्या वर्षी वाचेल ना ती, तोवर तुमच्या तासाला बसवते, चौथीत बसवा, तिसरीत बसवा, मी सकाळी स्वतः आणून सोडते. फक्त उद्या नको. बाबांसमोर नको.

स्वराली काय म्हणते, म्हणजे? तिला विचारलं ना मी. विचारलं म्हणजे सांगितलं. काल रात्री जेवणं झाल्यावर समोर बसवलं, म्हटलं, हे बघ, घाबरायचं नाही, दोन मार्ग आहेत. उद्या पान कळलं की मी लगेच रेकॉर्ड करते, तू जमेल तेवढं ऐक. नाहीतर मी मॅडमकडून चिठ्ठी आणते. तिनं इअरफोन उचलले, नीट गुंडाळले, डबीत ठेवले आणि डबी माझ्या पर्समध्ये टाकली. म्हणजे चिठ्ठी, मी म्हटलं. ठीक आहे, सकाळी जाते, तू काही काळजी करू नकोस, मी आहे ना.

नाही हो, चिडली नाही. रडली पण नाही. ती रडली असती तर मी आज इथे — अगदी साध्या आवाजात, वेणी सोडता सोडता म्हणाली, "आई, मी वाचते रविवारी. येईल तेवढं. फक्त तू येऊ नकोस."