अर्धपोटी बॅटऱ्या

डोळ्यांत थेंब घालून दवाखान्याच्या बाकावर बसवलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याला पापण्या मिटून ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. शेजारी दोन विहिणी बोलत होत्या.

“जावईबापूंच्या खेळण्यातल्या विमानांचं कौतुकच आहे, विहीणबाई. पण त्या बॅटऱ्या घरात असतात. मुलीच्या काळजीनं माझा जीव टांगणीला लागतो हो.”

“आता खोलीत नसतात त्या. बाल्कनीत सावलीला, मातीच्या कुंडीत असतात. वर मातीचीच ताटली.”

“त्यांनी हलवल्या?”

“तो कसला हलवतोय. मीच हलवल्या. आणि भरपेट ठेवू देत नाही. आधी निम्म्यावर आणायच्या, मगच कुंडीत.”

“म्हणजे अर्धपोटी?”

“अर्धपोटीच. भरलेल्या दिवसचे दिवस पडल्या की फुगतात. फुगलेली पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. आणि चार्जिंग चालू असताना मी समोरून हलत नाही, दारावरची बेल वाजली तरी.”

“परवा मी दहा मिनिटं दाराबाहेर उभी होते, ती यासाठी?”

“हो. रागावलात ना?”

“रागावले होते. आता म्हणते, बरं झालं. पण एवढं शिकवलं कुणी तुम्हाला?”

“सोसायटीत अग्निशमन दलाच्या साहेबांचं भाषण झालं. काय खणखणीत आवाज होता. शब्दन् शब्द लिहून घेतला मी.”

अधिकाऱ्यानं घसा खाकरला आणि जमेल तितक्या बारीक आवाजात म्हटलं, “ताई, मला दिसत नाहीये. जरा माझ्या घरी फोन लावून द्याल? ड्रोनच्या बॅटऱ्या कपड्यांच्या कपाटात आहेत. भरपेट.”