कुसुमचं जन्मगाव

मी कोल्हारची. जन्म कोल्हारचा, बाप कोल्हारचा, आजा कोल्हारचा. हे असं घडाघडा सांगायची आता मला सवयच लागलीय, कारन कचेरीत गेलं की पैलं तेच इचारतात. माजा बाप, आमचे दादा, मास्तर. मिशनच्या शाळेत दादांनी उभा जलम शिकवलं, निम्म्या गावाला त्यांनीच अक्षरओळख करून दिलेली, कुनाला अर्ज लिव्हायचा, कुनाला पत्र वाचून घ्यायचं, तर दादांकडं. आमी ख्रिस्ती, पन मास्तर म्हनलं की गावात तेवढंच पुरायचं. मी नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले अन् तिथंच कामाला लागले. हे लिव्हून घ्या ताई, कारन मागून लोक म्हनतात बाई अडानी हुती, तिला कागद कळले न्हाईत. मला कागद कळत हुते, चांगले कळत हुते.

लगीन कोल्हारात झालं पन सासर आफ्रिकेत. सासरे मूळचे राहुरीकडचे, रेल्वेत कारकून म्हनून युगांडात गेले ते तिकडंच राह्यले, आमचे हे कंपालात जन्मले, तिथंच शिकले, अन् पोरगी बघायला मात्र इकडं आले. मानूस चांगला. अजून चांगलाय, लांब हाय एवढंच. तो देश स्वतंत्र झाला तवाच यांनी तिथलं नागरिकत्व घेतलेलं, जिथं जन्मलो तिथलंच व्हावं म्हनून. मी माजा भारताचा पासपोर्ट ठेवला. एका घरात दोन देश, पन भाकरी एकाच तव्यावर, कुनाला काय त्याचं.

मला दिवस गेले तवा दादांचं पत्र आलं. पैलं बाळंतपन माहेरी करायचा रिवाज हाय, निघून ये, आईनं डिंक अन् खारका आनून ठेवल्यात. मी म्हनलं मी सवता नर्स, इथं मोठा दवाखाना हाय, रजा मिळत न्हाई, बोटीचा प्रवास, कशाला. न्हाई आले. काय सांगू तुमाला, त्या एका न्हाईवर पुढं किती जनांनी मला टोचलं. कुसुम कंपालात झाली, सप्टेंबर म्हैन्यात, तिथल्या म्युन्शिपालटीचा शिक्का असलेला कागद हाय माज्याकडं.

कुसुम पाच वर्सांची व्हायला आली अन् तिथल्या सरकारनं हुकूम काढला, हिंदी लोकांनो नव्वद दिवसात चालते व्हा. जे तिथले नागरिक हुते त्यांनी कागद तपासून घ्यायचे. आमचे हे दोन दिवस रांगेत उभे राह्यले. टेबलावरच्या मानसानं कागद उलटासुलटा केला, म्हनला तुमी जुनं ब्रिटिश नागरिकत्व सोडल्याचं मुदतीत कळवलं न्हाई, अन् यांच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडला. घरी आले अन् म्हनले, आता मी कुनाचाच न्हाई. अन् बाप कुनाचाच न्हाई म्हनल्यावर लेकही कुनाची न्हाई. मला भारतात जायला वाट मोकळी, यांना न्हाई. ज्यांना देश न्हाई अशा मानसांना, त्यात यांनाबी, युनोच्या लोकांनी इमानात घातलं अन् ऑस्ट्रियातल्या छावनीत नेऊन ठेवलं. कुसुमला भारताच्या तिथल्या कचेरीनं एक कागद दिला, वर तिचा फोटो, खाली लिव्हलेलं की तीन म्हैने भारतात राहू द्यावं. पाच वर्सांची पोर तीन म्हैन्यांसाठी. तो कागद छातीशी धरून मी बोटीनं मुंबईला अन् तिथनं कोल्हारला आले.

इकडं दुष्काळ. प्रवरा आटलेली, मानसं रस्त्याच्या कामावर खडी फोडीत हुती, रेशनला लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी. मिलोसुद्धा कुसुमच्या नावानं मिळंना, कारन रेशनकार्डावर नाव चढवायला नागरिक पायजे. नगरला पोलिसांच्या कचेरीत परदेशी लोकांची नोंद करनारी खोली हाय, तिथं गेले तर तिथल्या भाऊसाहेबानं भलं मोठं रजिस्टर उघडलं अन् एकेक रकाना भरत गेला. नाव, कुसुम. वय, पाच. राष्ट्रीयत्व, तिथं जरा थांबला, मंग लिव्हलं, निरंक. निरंक, ताई! रिकाम्या गोदामापुढं लिव्हतात तसं. माजी लेक शेजारी उभी, नाक वाहत हुतं तिचं, माजा पदर धरलेला. मी म्हनलं, भाऊसाहेब, मी भारताची हाय, हिला मी पोटात वाढवली, मंग ही निरंक कशी. तर म्हनला, बाई, कायद्यात बापाचं बघतात.

तवा जे डोकं भडकलं ते अजून शांत झालेलं न्हाई. आमचे हे भारताचे असते अन् मी कुठलीबी असते, तर पोरगी जन्मतःच भारताची. मी भारताची, तर पोरगी निरंक. हा कायदा कुनी लिव्हला मला म्हाईत न्हाई, पन ज्यानं लिव्हला त्यानं कुनाचं बाळंतपन बघितलेलं नसनार. मी शेकड्यानं बघितलीत. नाळ कुनाची असती ते मला इचारा.

तीन म्हैने झाले की मनमाडकडून येनारी एस्टी धरायची, कुसुमला घेऊन नगरला जायचं, आनिक तीन म्हैने मागायचे. तिथंच एका म्हाताऱ्या शिपायानं सांगितलं, आई नागरिक असंल तर लहान लेकराची नोंद करून मिळती, कलेक्टर कचेरीत अर्ज करा. हे त्या भाऊसाहेबाला म्हाईत नव्हतं का? असनार. पन सांगायला तोंड उघडावं लागतं ना.

अर्ज केला. माजा पासपोर्ट, चर्चचा लग्नाचा दाखला, कंपालाचा जन्माचा कागद. ते म्हनले, पोरगी इथंच राहती याचा पुरावा द्या, शाळेचा दाखला आना. जूनमधी कुसुमला शाळेत घातलेलंच हुतं, दादांनीच नेलेलं. दादांनीच दाखला आनला, पाकिटात घालून, मी तो उघडूनसुद्धा बघितला न्हाई. कशाला बघू? दादांनी आनलेला कागद. तसाच फाईलीला लावला.

दिवाळीनंतर बोलावनं आलं. कलेक्टर कचेरीतले साहेब काय वाईट नव्हते, पन त्या दिवशी त्यांनी मला बसाबी सांगितलं न्हाई. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर जन्म सप्टेंबरातला, कंपालात. दुसऱ्यावर एक जून, कोल्हार. म्हनले, बाई, खरी मुलगी कोणती? तुम्ही सरकारला खोटे कागद देता, अर्ज फेटाळला जाईल, आणि मुलीची मुदत वाढवून मिळणार नाही. मी इचारलं, मंग तिला पाठवनार कुठं? साहेबांनी फाईल मिटली. त्यांनाबी म्हाईत नव्हतं.

एक जून. तुमाला म्हाईत असंल, आपल्याकडं अर्ध्या लोकांचा जन्म एक जूनचाच. आईबापाला तारीख आठवत नसती, शाळा जूनमधी भरती, मास्तर एक जून ठोकून देतो. दादांनी जलमभर तेच केलं. पन माज्या लेकीची तारीख तर शिक्क्यानिशी घरात हुती! सप्टेंबर लिव्हलं तर पैलीला लागनारी सहा वर्सं भरत न्हाईत, एक वर्स वाया जाईल, म्हनून दादांनी एक जून केलं. हेडमास्तर त्यांचाच इद्यार्थी, त्यानं रजिस्टर पुढं सारलं. बरं, तारखेचं एक येळ समजलं. गाव? गाव कशाला बदललं?

घरी येऊन मी बापाला काय काय बोलले ते सांगत न्हाई. आई मधी पडली, तिलाबी बोलले. मी दादांना म्हनलं, उद्या माज्याबरोबर नगरला चला अन् साहेबाला सांगा की मी खोटं लिव्हलं. आई म्हनली, या वयात त्यांना असं करायला लावू नको, गावात काय तोंड ऱ्हाईल. मी म्हनलं, त्यांचं तोंड ऱ्हाईल, पोरगी ऱ्हानार न्हाई.

दादांनी इस्त्रीची टोपी घातली, कोट घातला. नगरची एस्टी धरली. कचेरीत बाकड्यावर दोन तास बसवलं, रस्त्याच्या कामाची मस्टरं घेऊन मुकादम आत-बाहेर करीत हुते. आत गेल्यावर साहेबांनी इचारलं, मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्ही असं कसं लिहिलंत?

दादा उभे राह्यले. म्हनले, साहेब, पैलं बाळंतपन माहेरी व्हायचं असतं. ही पोर आमच्या घरात जन्मायची हुती. जे व्हायला पायजे हुतं ते मी लिव्हलं. चूक झाली.

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. ज्या हातानं अख्ख्या गावाचे अर्ज लिव्हले त्या हातानं दादांनी लिव्हलं, मी शाळेच्या रजिस्टरात खोटी नोंद केली. खाली सही, सुवाच्य, पोरांना गिरवायला देतात तशी. मी शेजारी उभी हुते. मला रडू आलं, अन् रागबी गेला न्हाई. दोन्ही एकदम असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मंग दादा शाळेतबी गेले. रजिस्टरात कोल्हारवर तांबड्या शाईनं रेघ मारली, वर कंपाला लिव्हलं, सप्टेंबर लिव्हलं, पुन्हा सही. कुसुमचं एक वर्स गेलंच. तिला पैलीतनं काढून बालवर्गात बसवली अन् मास्तरांची खोटी नोंद गावभर झाली. त्यानंतर दादांनी कुनाचा कागद लिव्हला न्हाई. लोक यायचे, दादा म्हनायचे चष्म्यातनं दिसत न्हाई. दिसत हुतं.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी कुसुमचा कागद आला. भारताची नागरिक. मी पोलीस कचेरीत गेले, त्याच भाऊसाहेबाला म्हनलं, रजिस्टर काढा, निरंक खोडा. तो म्हनला, बाई, खोडत नाहीत, शेरा मारतात. मी म्हनलं, मारा, मी उभी हाय. तो शेरा मारीपस्तोर हलले न्हाई.

आता ऱ्हायले आमचे हे. दर पंधरा दिवसाला छावनीतनं पत्र येतं, तिकडं बर्फ पडतं म्हनतात, कुसुमचा दात पडला का इचारतात. भारताच्या पुरुषाची बायको परदेशी असंल तर तिला अर्ज करता येतो. माज्यासारखीच्या नवऱ्याला तसा अर्जच न्हाई. नसंल अर्ज, तर कोऱ्या कागदावर लिव्हू. कचेरी तिथंच हाय, एस्टी तिथंच हाय अन् माजे पायबी शाबूत हायेत.

काल संध्याकाळी मी कागद घेऊन ओट्यावर बसले, तर दादा आले, चष्मा पुसला, म्हनले, आन इकडं, तुजं अक्षर लागत न्हाई कुनाला. बसले लिव्हायला. जावयाचं नाव लिव्हलं, त्यांच्या बापाचं नाव लिव्हलं, अन् मंग टाक वर धरून थांबले. म्हनले, जन्मगाव काय लिव्हू?

मी म्हनलं, खरं लिव्हा, दादा. कंपाला.

त्यांनी लिव्हलं.