जर्मनचं भगोनं

...अन् वरून लोकं मलेच इचारतात, "शालिग्रामभाऊ, तुम्ही एवढे जुने वेल्डर, तुमच्या हातून असं झालंच कसं?" झालंच कसं म्हंजे? झालं! तुम्हाले सांगतो, बावीस वर्सं झाली साखरखेर्ड्यात दुकान टाकून. नांगर जोडले, ट्रॉल्या जोडल्या, शाळेचं गेट तं तीनदा जोडलं... पन ते लोखंड व्हतं ना! लोखंडाचं कसं हाय, आधी लाल होते, मंग पिवळं होते, मंग चमकाले लागते, म्हंजे 'सांभाळ बे, आता मी चाललो' असं सांगूनसवरून वितळते. अन् हे जर्मन? जर्मन म्हंजे आपलं ॲल्युमिनियम हो, भांड्याचं... छ्या! लोखंड सांगते, जर्मन सांगत नाही!

तं भगोनं, म्हंजे मोठं पातेलं हो. माह्या सासूचं. सासू मनकर्णाबाई, देऊळगाव राजाची, मागच्या वर्षी गेली. तेरवी झाली अन् आमच्या मंजुळाच्या दोघा भावाइनं तिले हापिसात नेलं, हक्कसोडावर सही घेतली. चार एकर वावर हो, बागायती, विहिरीसगट! अन् ही बाई सही करून घरी आली, तं डोक्यावर भगोनं! मी म्हनलं, "हे काय?" तं म्हने, "मायचं हाय. मी हेच मांगलं." आता काय बोलावं? चार एकराचं भगोनं! वर्सभर मी त्या साळ्याइले शिव्या देल्ल्या. चहा पेताना देल्ल्या, जेवताना देल्ल्या, एस्टीत अनोळखी मानसाजवळ बसून देल्ल्या... ती आपली भगोनं घासे. त्याच्यावर नाव कोरेल व्हतं ना, ठिपक्याठिपक्यानं, 'सौ. मनकर्णाबाई'. त्याच्यावरून बोट फिरवे अन् पालथं घालून ठेवे.

अन् पडलं ना भोक! बरोब्बर त्या नावाच्या बोटभर खाली. केवढं? ज्वारीच्या दाण्याएवढं! मंजुळा म्हने, "अहो, सगळ्या गावाचं जोडता, माह्या मायचं तेवढं जोडून द्या ना." लग्नाले सव्वीस वर्सं झाली, त्या बाईनं मले कधी काही मांगलं नाही, पयल्यांदाच मांगलं... अन् मी काय म्हनलं? "दोन मिनिटाचं काम हाय!" जीभ काऊन झडली नसन तव्हा माही!

रॉड पाह्यजे म्हनून गेलो चिखलीले. दुकानात हर्षलशेठ, मोबाईलमंधी तोंड खुपसून. मी म्हनलं, "जर्मनचा रॉड द्या." तो मान वर न करता म्हनते, "जर्मनीचा माल येनं बंद झाला काका, चायनाचा हाय." मी म्हनलं, "चायनाचा तं चायनाचा, पन जर्मन द्या!" मंग त्यानं आतमंधी लय उचकापाचक केली अन् एक चकचकीत रॉड आनला. "हे घ्या, जर्मन सिल्व्हर." आता मले सांगा, जर्मन बी आलं, वरून सिल्व्हर बी आलं, मानूस खुश होईन का नाही? मी हात जोडले हो त्याले! मंग समजलं का त्याच्यात ना जर्मन असते ना चांदी, ते तांब्याबिंब्याचं काहीतरी कडक प्रकरन. भगोनं पानी होऊन वाहून जाईन, तरी तो रॉड नुसता कोमट! पन हे मंग समजलं. मले सगळं मंगच समजते.

गॅस पेटवला, काळा चष्मा लावला. बाकड्यावर आमचे पंजाबराव, रिटायर कंडक्टर, रोज माहा पेपर वाचाले येतात अन् जाताना मलेच अक्कल देऊन जातात. ते सुरू झाले, "शालिग्राम, लाल होऊ दे बे! लाल झाल्याबिगर रॉड नोको लावू!" मी बी लाल व्हायाची वाट पाहून राह्यलो. होईच ना! पांढरंच्या पांढरं. आच वाढवली, पांढरं. रॉड टेकवला, रॉड ढिम्म. "अजून तापव!" अजून तापवलं... अन् देवाशपथ सांगतो, आवाज नाही, धूर नाही, फदकन्! दाण्याची सुपारी झाली, सुपारीची भाकर झाली, मी आग मांगं घेतो तवर अख्खी कड लोंबली अन् जमिनीवर गोळा! 'सौ.' गेलं, 'मनकर्णा' गेलं, नुसतं 'बाई' उरलं! लोखंड सांगते हो, जर्मन सांगत नाही! अन् पंजाबराव काय म्हनले? "लाल झालंच नाही ना बे!" पेपरची घडी केली अन् चालले घरी!

मी ते बारदान्यात गुंडाळलं. म्हनलं, नवं आनू, तसंच नाव कोरून घेऊ... पन बाई का आंधळी हाय? इतक्यात मंजुळा डबा घेऊन दारात! "झालं का हो जोडून?" मी बारदाना पुढं सरकवला. म्हनलं आता कपाळ फोडते माहं. फोड म्हनलं! रड, बोंबल, दुकान पेटवून दे! नाही. खाली बसली. त्या 'बाई'वरून बोट फिरवलं. मी म्हनलं, "मंजुळा, जर्मन सांगत नाही गं..." तं ती एवढंच म्हनली, "माह्या भावाइनं चार एकर घेतलं. ते अजून जाग्यावर तरी हाय."

डबा ठेवला अन् गेली. मले रडू आलं, खोटं कायले सांगू? रडत रडतच जेवलो.

परवा थोरला साळा आलता घरी. वर्सभर ज्याच्यासाठी एक एक शिवी जमा करून ठेवली व्हती, तो समोर उभा! तोंड उघडलं, तं चुलीपाशी मंजुळा, माह्याकडंच पाहून राह्यली. काय करता मंग? खुर्ची पुसून देल्ली, चहात साखर जास्तीची टाकाले लावली, अन् म्हनलं, "आलेच हात तं राहा ना दोन दिवस, पाव्हने!"