चांदीचं पाणी

—नाही हो, तुमच्यावर संशय म्हणून नाही. कुणाचाही माल आला की पाकिटातला एक हुक मी मधोमध कापते, एवढंच. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो—इकडे स्टुलावर बसा. हे बघा, पक्कड लावली, कापला. आता टोक उजेडाला धरायचं. आतूनही पांढरं आहे ना? आहे. मग झालं तर. फिरक्या काढा आता, आणि त्या बारीक कड्या. त्यातलीही एकेक कापणार. शिक्का आहे म्हणता—असू दे की. शिक्का काय, ठोकला की उमटतो. तोंड कशाला पाडताय? बाकीच्या दुकानांतली माणसंसुद्धा आधी अशीच तोंड पाडतात, मग सवय होते त्यांना.

पूर्वी नव्हते कापत. पूर्वी मी माल बघतसुद्धा नव्हते. घरातलाच माल—माझे थोरले दीर, त्यांचं याच सामानाचं दुकान. तार, हुक, फिरक्या, कड्या, साखळीचे फासे, दागिना घडवणाऱ्याला जे जे बारीकसारीक लागतं ते सगळं. मी कानातली घडवते, बघितलीतच तुम्ही आत्ता. पानं, कळ्या, ते माझ्या हातचं. पण हुक नाही वळत बसत, तेवढे डोळे राहिले नाहीत. आणि लोकांना वाटतं कानातलं म्हणजे ते पान. अहो, पान बिचारं बाहेर लोंबतं, ते कुणाचं काय बिघडवणार? मासात शिरतो तो हुक. तर आमच्या ह्यांची दर आठवड्याला भावाच्या दुकानात फेरी असायची—जाताना रिकामी पिशवी, येताना पाकिटं. मी पाकीट फोडायची आणि कामाला लागायची. घरच्यांचा माल कोण तपासतं? आईनं वाढलेलं ताट आपण उकरून बघतो का?

आणि बबडी. ही भाऊजींची मुलगी, माझी पुतणी. खरं नाव वेगळं आहे, पण घरात सगळ्यांची बबडीच. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे—जाऊ दे ते. लहानपणी इथेच असायची, या टेबलाखाली, पडलेल्या कड्या वेचून एकीत एक अडकवत बसायची. तिची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. कुणी बाजारातलं खोटं कानातलं घातलं की संध्याकाळपर्यंत कानाची पाळी लाल. चांदीशिवाय काही चालायचं नाही, हे घरात पाठ होतं सगळ्यांना. तर ती नोकरीला लागली—पहिलीच नोकरी—आणि मी तिला एक जोड करून दिला. इवलीइवली पानं, एकाखाली एक, मान हलवली की हलायची. फार आवडली तिला. काकू, मी झोपतानाही काढत नाही, म्हणाली. मला काय, बरंच वाटलं. काढत जा गं, असंसुद्धा म्हणाले नाही मी.

कान ठणकायला लागला तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही. नवी नोकरी, कुठे रजा मागा. धूळ बसली असेल म्हणून मलम लावत राहिली—वरून मलम, आत हुक. मग पू झाला, ताप चढला. दवाखान्यात नेईपर्यंत तो हुक सुजेच्या आत बुडून गेला होता. डॉक्टरांनी तो कापून तुकड्या-तुकड्यानं काढला म्हणे. एका कानाची पाळी खालून फाटली ती फाटलीच. टाके घातले, पण नीट सांधली नाही. आता केस पुढे ओढून बसते असं ऐकलंय. ऐकलंय म्हणजे—ऐकलंय.

भाऊजी दुपारचे आले इथे. मागे जाऊबाई, पदर तोंडाला लावून. भाऊजींनी एक कागदाची पुडी या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "पोरीचा कान गेला. काय मिसळतेस तू चांदीत?" एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, अहो, मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं सामान त्यांनीच दिलं मला, कर धंदा म्हणाले होते. मी आपली खाली मान घालून उभी. मलाही वाटलं, झालं असेल काहीतरी माझ्याच हातून, सांधा जोडायला डाक देताना चुकलं असेल. ते गेल्यावर पुडी सोडली. आत हुकाचे तुकडे. आणि कापलेलं टोक—पिवळं. मी पुसून बघितलं, कानशीनं घासून बघितलं, तेजाबाचा थेंब टाकला तर हिरवा फेस. आतून पितळ, वरून चांदीचं पाणी. मग पुडीतलंच माझं पान घासलं. पान आतपर्यंत पांढरं. मग खणातलं पाकीट काढलं, त्यातला हुक कापला, पिवळा. दुसरा कापला, पिवळा. भाऊजींनी आपल्याच हातानं आणून टाकलं हो माझ्यापुढे, आणि त्यांना ते दिसलं नाही. घाबरलेला माणूस—त्याला काय दिसणार?

हे तिथे बसले होते, पेपर घेऊन. मी ते तुकडे तळहातावर घेऊन ह्यांच्यासमोर धरले. आता तुम्ही सांगा, तुमच्यासमोर कुणी असं काही धरलं तर तुम्ही काय म्हणाल? हे काय आहे, असंच ना? ज्याला माहीत नसतं तो विचारतो. ह्यांनी विचारलं नाही. बघितलं, पेपरची घडी घातली, आणि म्हणाले, "थोडेच दिवस, म्हणाला होता दादा."

भाऊजींना चोख माल द्यायचा तो कारखाना बंद पडला होता. दुकान बुडायला आलं, मग कुठून तरी हा माल उचलला—शिक्क्यासकट—आणि धाकट्या भावाला सांगून ठेवलं, तिच्या लक्षात यायचं नाही, आलंच तर तू सांभाळून घे. ह्यांनी घेतलं सांभाळून. दर आठवड्याला पिशवीतून आणून माझ्या हातात ठेवत होते. आणि बबडीच्या कानात तेच जाईल हे? नाही सुचलं म्हणे कुणाला. तिच्यासाठी मी वेगळी चांगली तार काढीन, असं धरून चालले होते दोघं. मी कशी काढणार वेगळी? माझ्या लेखी सगळी चांगलीच होती ना!

वाईट नाहीत हो हे. तसं नका समजू. सासरे लवकर गेले, तेव्हा भाऊजींनी शाळा सोडली, लोकांच्या दुकानात झाडू मारला आणि ह्यांना शिकवलं. दादा म्हणजे ह्यांचा बापच. बापाविरुद्ध तोंड कसं उघडायचं—कळतं मला. मला सगळंच कळतं, हाच तर घोळ आहे.

पण पोर आली ना इथे. कानाला पट्टी होती अजून. आली ती बसली नाही, उभ्याउभ्याच विचारलं, "काकू, बाबा म्हणतात ते खरं का?" भांडायला नव्हती आली. तिला माझ्या तोंडून 'नाही' असंच ऐकायचं होतं, दिसत होतं चेहऱ्यावर. हे त्या दारात उभे. मी हातातलं काम खाली ठेवलं, हात पुसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला—जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला हो मी. म्हटलं आता बोलतील, आता बोलतील. हे फरशीकडे बघत राहिले. मग मीच म्हणाले, "हो गं. चूक झाली माझ्या हातून." ती बरं म्हणाली आणि गेली. नाही आली त्यानंतर.

मग काय, एकेकीच्या घरी गेले. ज्यांना ज्यांना त्या पाकिटांतलं काही दिलं होतं त्यांच्याकडे, नवे हुक घेऊन, पक्कड घेऊन. हुक खराब निघालेत, बदलून देते, म्हणायचं. कुणी पाणी दिलं, कुणी दारातूनच हात पुढे केला. एक बाई म्हणाली, इतकी वर्षं काय काय घातलंत कुणास ठाऊक. ऐकून घेतलं. पाय सुजायचे. ह्यांनी विचारलं, स्कूटरवर सोडू का? सोडा म्हटलं. सोडायचे, कोपऱ्यावर थांबायचे, परत आणायचे. रस्ताभर बोलणं नाही. घरातही चहा होतो, जेवण होतं, दिवा घालवू का, घालवा—एवढंच. भावाकडे जायचं बंद केलंय त्यांनी. पण फेरीची वेळ झाली की पिशवी घेऊन बाहेर पडतात अजून, आणि घरात असलेलीच भाजी पुन्हा घेऊन येतात. आत्ताही तिकडेच गेलेत. मी काही म्हणत नाही. काय म्हणणार?

काय म्हणालात? तिला आता तरी सांगावं, मी?

मी का सांगू? तिला त्याच घरात राहायचंय, त्याच बापाच्या हातचं पाणी प्यायचंय. आणि सांगायचं असलं तर ते मी सांगायचं का? मी चोर ठरले ते सोसवलं हो, बाजारात काय, उद्या दुसरी कुणी ठरेल. पण ते दारात उभे होते. माझ्यापासून इतक्या जवळ. एकच वाक्य, तिची चूक नाही, एवढं म्हणाले असते तरी—भाऊजींचं नावसुद्धा घ्यायला नको होतं. ते मला अजून—रात्र रात्र मी—तुम्ही हुक विकायला आलात ना? मग हुक विका. कुठे ते कड्यांचं पाकीट? द्या इकडे. मी पण वेडीच, आल्या माणसापुढे काय—

अहो.

कधी आलात तुम्ही? मागच्या दारानं?

पिशवी खाली ठेवा. हे—हे माल दाखवायला आलेत. नवीन आहेत. कड्या बघत होतो आम्ही.

असं का बघताय? ऐकलंत का?

बरं. ऐकलंत तर ऐकलंत.

आता कुठे? आत्ताच आलात ना? स्कूटरची किल्ली कशाला घेताय—दादांकडे? मग? बबडीकडे?

नक्की?

मग शर्ट तरी बदला, घामानं भिजलाय.

तुम्ही निघा हो आता. माल राहू दे इथेच. दार ओढून घ्या.