शिवूचा पंप

माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. उसाच्या फडाला लागूनच आमचं घर, तितंच मी वाढली, बारावी केली, आन दिली ती हिकडं डाळजला. हितं आमचा भाजीपाला, दोडका, कारलं, टोमॅटो, सकाळी तोडा आन दुपारी गाडी भरायची. मला बोलायची सवय लई, सासरी आल्यावर आत्या, मंजी माझ्या सासूबाई, म्हणायच्या, ही पोरगी झोपेत तरी गप बसती का. पण कामाला मी वाघ, म्हणून खपून गेलं.

तर आमची शिवू. आता साडेचार वर्साची हाय, बोलण्यात माझ्यावर गेलीय. चालायला लागली तवापासनं तिला धाप लागायची. काय सांगू तुमाला, सर्दी झाली की छातीत शिट्टीवानी आवाज, बरगड्या आत वडायच्या, आन पोरगी बोलायची बंद. माझी पोरगी, आन बोलायची बंद, मंजी मला कळायचं की आता काय खरं न्हाय. मग ह्यांनी गाडी काढायची, मी मागं तिला छातीशी उभी धरून, कारण आडवी केली की दम जास्तच लागायचा, आन भिगवणवरनं थेट बारामती. तितं इमर्जन्सीत मास्क लावून वाफ दिली की पोरगी हसायला लागायची, बिस्कीट मागायची. घरी यायचं, चार दिस बरं जायचं, आन परत तेच. वॉचमन आमाला लांबनं बगूनच दार उघडायचा, म्हणायचा, आली का शिवन्या. आता तुमी सांगा, ही काय वळख असायची जागा हाय व्हय.

डॉक्टरीण बाईंनी पयल्यांदाच सांगितलं व्हतं, बाळदमा हाय, दोन पंप देती, एक धाप लागल्यावर, दुसरा रोज, पोरगी बरी असली तरी रोज. आमी व्हय म्हणायचो. आन घरी आलो की आत्या दोनी पंप फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठिवायच्या. पोरीची जात, म्हणायच्या, एकदा दमेकरी म्हणून नाव पडलं की कोण करून घेणार हाय तिला. शेजारी इचारलं तर बारामतीला बाजाराला गेलतो म्हणायचं. आन पंपाची सवय लागती, हे तर गावात शेंबडं पोरगं बी सांगंल. मी भांडायची, चोरून द्यायची, पण मी शेतात आन पोरगी त्यांच्यापाशी, आन घरात कायम कोण ना कोण बसलेलं. मग ऱ्हाऊन जायचं.

आत्या वाईट न्हाईत बरं का. त्यांच्या धाकट्या भनीला दमा व्हता. तिला बगायला आलेलं पाव्हणं तिचा खोकला ऐकून च्या न पिताच उठलं, मग कोण आलंच न्हाय, ती माहेरीच ऱ्हायली आन माहेरीच गेली. हे मला त्यांनी लई उशिरा सांगितलं, शेंगा फोडता फोडता, मान वर न करता.

मग आमच्या दिराचं, सागर भावजींचं, लगीन जमत आलं. पोरीकडचं पाव्हणं घर बगायला आलं. अंगणात चुलीवर सैपाक, जळण वल्लं, धूर सगळा सोप्यात. शिवू नवा फ्रॉक घालून पाव्हण्यांत बडबडत व्हती, आन एकदम गप झाली. मी पोळी तव्यावर तशीच टाकून पळाली. आत्यांनी तिला मांडीवर घेतलेली, एक हात तिच्या बरगडीवर. मी हळूच म्हणलं, आत्या, आत नेती हिला. त्यांनी पाव्हण्यांकडं बगितलं, पोरीकडं बगितलं, आन म्हणल्या, आत कशाला, पंप आण हितं. मी तशीच हुबी. तर म्हणल्या, आण म्हणती न्हवं.

सगळ्यांम्होरं नळी लावून पंप दिला. पोरगी हळूहळू सावरली. नवरीची आई म्हणली, दमा हाय काय घरात? आत्या म्हणल्या, व्हय, नातीला हाय, माझ्या भनीला बी व्हता. पाव्हणं जेवलं, ग्वाड बोललं, गेलं, आन निरोप काय आला न्हाय. भावजी कितीतरी दिस आत्यांशी धड बोललं न्हाईत. आत्यांनी त्यांना एका शबदानं समजावलं न्हाय, वल्लं जळण तेवढं उचलून गोठ्यामागं टाकाया लावलं.

तवापासनं पंप च्या-साखरंच्या डब्यापाशी असत्यात, आन सकाळी शिवूला हाक आत्याच मारत्यात. मदी एकदा बारामतीला जावं लागलं, न्हाय असं न्हाय, पण एकदाच. भावजींचं औंदा लोणी भापकरला जमलं. तितं जायच्या आदी आत्यांनी मध्यस्थाला बजावलं, आमच्या नातीला दमा हाय, पटत असंल तर बोलणी करू. पटलं त्यांना.

परवा आळीतली एक म्हातारी आत्यांना म्हणली, आवं, गावभर सांगत सुटलाय, उंद्या पोरीच्या लग्नाचं कसं? मी आत भाकरी थापता थापता ऐकत व्हती. आत्या शिवूची येणी घालत बसल्या व्हत्या. येणी न सोडता म्हणल्या, लग्नाचं तिच्या नशिबानं व्हईल बाई, आदी तिला मोठी तर होऊ दे.